गॅमा किरणं दिलेलं बी: चौथ्या दिवशीचे मोड मोजून काय कळतं?

नागपुरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयातल्या जीवशास्त्राच्या मॅडमनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. त्यांच्या विद्यार्थ्यांना एका ओळखीच्या संशोधकाकडून गॅमा किरणं दिलेलं मुगाचं बी मिळालं. पाकिटांवर ०, १००, २००, ४०० आणि ८०० ग्रे (शोषलेल्या किरणांच्या मात्रेचं एकक) असे आकडे. मुलांनी ओल्या टिपकागदावर बी ठेवलं, चौथ्या दिवशी मोड मोजले, तर पाचही पाकिटांची उगवण जवळजवळ सारखीच. आता अहवालात ‘किरणोत्साराचा उगवणीवर परिणाम होत नाही’ असं लिहायचं का? जोडीला आणखी तीन शंका: कमी मात्रेत किरणं दिली की पीक जोमदार येतं असं वाचलं, ते खरं का, हे बी मुलांनी हाताळलं तर चालतं का, आणि एका विद्यार्थ्याच्या वडिलांची काटोलकडे संत्र्याची बाग आहे, शेजारी मोबाईल टॉवर उभा राहिलाय, त्याचं काय.

मॅडम, मुलांनी मोजलं ते बरोबर मोजलंय, पण ते वाक्य अहवालात घालू नका. मी कडधान्यांच्या पैदाशीतला माणूस, त्यातही उत्परिवर्तनाच्या, म्हणजे जनुकांत बदल घडवून त्यातून वाण शोधण्याच्या कामातला. किरणं दिलेल्या बियांचे ट्रे बघण्यातच माझी नोकरी गेली. या क्षेत्रात नवीन आलेला जवळपास प्रत्येक विद्यार्थी पहिल्या आठवड्यात तुमच्या मुलांसारखाच येऊन सांगतो, “सर, काहीच फरक नाही.” त्याला मी एकच सांगतो: ट्रे फेकू नकोस, अजून दहा दिवस पाणी घाल.

कारण असं. मोड येणं हा बियाच्या आयुष्यातला असा टप्पा आहे की ज्याला नव्या पेशी फारशा लागतच नाहीत. बी पाणी पितं, फुगतं, आतली एन्झाइमं जागी होतात, बीजपत्रांतला स्टार्च आणि प्रथिनं विरघळून गर्भाकडे निघतात. मुळाचं टोक साल फोडून बाहेर येतं ते मुख्यतः आधीच असलेल्या पेशी पाणी घेऊन लांब झाल्यामुळे. पेशींचं विभाजन जोरात सुरू होतं ते त्यानंतर. गॅमा किरणांचा घाव बसतो डीएनएवर. तुटक्या डीएनएची पेशी फुगू शकते, लांब होऊ शकते, श्वासही घेते. तिला जमत नाही ते नीट दोन होणं. घरात महिन्याचा किराणा भरलेला आहे पण पगार बंद झालाय, अशी त्या बियाची अवस्था. पहिले काही दिवस बाहेरून पाहणाऱ्याला काहीच कळत नाही.

१९६०च्या सुमारास अमेरिकेत गव्हावर याचे फार सुंदर प्रयोग झाले. गव्हाला हजारो ग्रे एवढी प्रचंड मात्रा दिली, म्हणजे विभाजन जवळजवळ पूर्ण थांबेल इतकी. तरी दाणे उगवले, कोंब वर आला, पहिलं पान हिरवं झालं. या बुटक्या रोपांना ‘गॅमा प्लँटलेट’ असं नाव पडलं. काही दिवस ती तशीच उभी राहतात आणि मग संपतात. तेव्हा ८०० ग्रेच्या पाकिटातले मुगाचे मोड पाहून आश्चर्य वाटायला नको.

आता मुगातच काय बघायचं ते सांगतो, कारण मूग या बाबतीत फार सोयीचं पीक आहे. मुगाचं रोप वर आलं की आधी बीजपत्रं, मग समोरासमोर दोन साधी पानं, आणि त्यानंतर तीन-तीन पर्णिकांची पानं येतात. यातली ती दोन साधी पानं बियातल्या गर्भातच तयार असतात. भिजवलेल्या मुगाच्या दोन डाळी हळूच वेगळ्या करा आणि भिंगातून बघा; मधल्या कोंबाच्या टोकाला दुमडून ठेवलेली ती इवलीशी पानं मुलांना दिसतील. म्हणजे ती नुसती उलगडायची असतात. पहिलं त्रिपर्णी पान मात्र शेंड्याला मोठ्या प्रमाणात नव्या पेशींतून घडवावं लागतं. किरणांचा हिशोब तिथे उघडा पडतो.

तुमच्याकडे उरलेलं बी असेल तर ते ट्रेमध्ये अर्धी वाळू, अर्धी चाळलेली माती घालून पेरा. नुसती काळी माती नको. आपली नागपूरची काळी माती वरून पापडासारखी धरते, कमकुवत कोंब तिच्याखाली अडकतो आणि तुम्ही तो दोष किरणांच्या खात्यावर मांडता. साधारण दहाव्या-बाराव्या दिवशी ० ग्रेच्या रोपांचं पहिलं त्रिपर्णी पान पूर्ण उघडेल. त्या दिवशी सगळ्या ट्रेंसमोर मुलांना बसवा. १०० ग्रेमध्ये फरक शोधावा लागेल. २०० मध्ये काही रोपं किंचित बुटकी दिसतील. ४०० मध्ये ट्रे एकसारखा दिसणार नाही: एखादं रोप चांगलं, शेजारचं निम्म्या उंचीचं, साधी पानं जाड, खरखरीत, कडेला खाच पडलेली, शिरांजवळ सुरकुतलेली, कुठे पानाच्या अर्ध्या भागात फिकट पट्टा. एखाद्याला दोनऐवजी तीन बीजपत्रंही असू शकतात. आणि ८०० मध्ये बरीचशी रोपं साधी दोन पानं उघडून थबकलेली असतील. पानं गर्द हिरवी, जरा चामड्यासारखी, पण शेंड्याला हालचाल नाही. एक-दोन रोपं उपटून मुळं धुऊन बघा. मुख्य मूळ तोकडं, टोकाशी बोथट, आणि बाजूची तंतुमुळं फारच थोडी. प्रत्येक तंतुमूळ म्हणजे विभाजनाची नवी सुरुवात, म्हणून ती आधी गळतात. मुळांचा हा फरक मला नेहमी उंचीपेक्षा जास्त बोलका वाटतो, पण माती धुवायचा कंटाळा म्हणून कोणी तो बघत नाही.

अहवालात तीन आकडे वेगवेगळे द्या: मोड किती आले, बाराव्या दिवशी उंची किती, आणि महिन्याने जिवंत रोपं किती. उंची ० ग्रेच्या तुलनेत टक्क्यांत मांडा आणि मात्रेसमोर आलेख काढा. उंची निम्म्यावर येते त्या मात्रेला आम्ही जीआर-५० म्हणतो, निम्मी रोपं मरतात तिला एलडी-५०. पैदासकार मोठी पेरणी करण्याआधी हेच काढतो, मोडांची टक्केवारी नव्हे. मोजताना एक सांभाळा. मुगात भिजूनही टणकच राहणारे गणंग दाणे असतात. ते वेगळे मोजा, त्यांचा किरणांशी संबंध नाही.

आता ग्रे म्हणजे किती, ते मुलांना कळायला हवं, नाहीतर आकडे हवेत राहतात. एका किलो पदार्थाने एक ज्यूल ऊर्जा शोषली की एक ग्रे. माणसाच्या पूर्ण शरीराला एकाच वेळी ४-५ ग्रे मिळाले आणि उपचार झाले नाहीत तर निम्मी माणसं दगावतात. मुगाचं कोरडं बी ३०० ग्रे खाऊन वर पीक देतं. आणि या ३०० ग्रेने बी तापतं किती? पाण्याच्या हिशोबाने ०.०७ अंश सेल्सिअस. नागपूरच्या मे महिन्यात सावलीतून दारापर्यंत आणलेलं बी याहून कितीतरी जास्त तापतं. म्हणजे मामला उष्णतेचा नाहीच. कोबाल्ट-६० मधून निघणारे गॅमा किरण १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टचे असतात. ते वाटेतल्या रेणूंमधून इलेक्ट्रॉन उडवतात. काही घाव थेट डीएनएवर बसतात. बाकीचं काम आजूबाजूच्या पाण्यातून आणि इतर रेणूंतून तयार होणारे मुक्त मूलक, म्हणजे जोडीविना उरलेल्या इलेक्ट्रॉनचे, शेजारच्या रेणूला भिडणारे तुकडे करतात. डीएनएचा एक धागा तुटला तर पेशी दुसऱ्या धाग्यावरून तो सांधते. दोन्ही धागे एकमेकांच्या जवळच तुटले की सांधताना चुका होतात: तुकडा गळतो, उलटा बसतो, भलत्याच गुणसूत्राला चिकटतो. अशी पेशी दोन व्हायला गेली की गुणसूत्रांचे पूल ताणले जातात, तुटतात, छोटे केंद्रकासारखे ठिपके बाहेर राहतात. तुमच्या प्रयोगशाळेत कांद्याच्या मुळांच्या टोकाची स्लाईड करतातच. तीच पद्धत मुगाच्या मुळांवर वापरली तर ४०० ग्रेमध्ये हे पूल मुलांना स्वतः शोधता येतील. मुगाची गुणसूत्रं बारीक, त्यामुळे धीर लागेल.

या विषयात लोक सर्वात जास्त दुर्लक्ष करतात ती गोष्ट म्हणजे बियातला ओलावा, आणि नागपुरात तर ती फार महागात पडते. कोरड्या बियात मुक्त मूलक लगेच विरत नाहीत. पेशीतलं सगळं घट्ट, काचेसारखं थिजलेलं असतं, त्यामुळे ते अडकून पडतात, दिवसेंदिवस टिकतात. पुढे असं बी हवेच्या किंवा ऑक्सिजन विरघळलेल्या पाण्याच्या संपर्कात आलं की ते ऑक्सिजनशी जोडले जाऊन घाव पक्का करतात. बियात १२ ते १४ टक्के ओलावा असेल तर ते आतल्या आत विरतात आणि नुकसान कमी राहतं. म्हणून एकाच वाणाचं बी, एकच मात्रा, एकच यंत्र, तरी ५ टक्के ओलाव्याचं बी जास्त मार खातं आणि १३ टक्क्यांचं कमी. आता आपल्याकडचं हवामान आठवा. मे महिन्यात दुपारी हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली उतरते. कापडी पिशवीत कपाटावर ठेवलेलं बी वाळून कोळ होतं. ऑगस्टमध्ये तेच बी हवेतून ओलावा ओढून घेतं. कोणी मे महिन्यात मात्रा ठरवली आणि दुसऱ्याने पावसाळ्यात तीच मात्रा वापरली, की दोघांचे आकडे जुळत नाहीत, आणि मग वाणाला नावं ठेवली जातात.

उपाय महागडा नाही. काचेच्या डेसिकेटरमध्ये, म्हणजे घट्ट झाकणाच्या भांड्यात, खाली ६० टक्के ग्लिसरीन आणि बाकी पाणी असं द्रावण ठेवायचं, वर जाळीवर बी पसरायचं आणि आठवडाभर झाकून ठेवायचं. आतली आर्द्रता ठरावीक राहते आणि बियातला ओलावा हव्या त्या पातळीवर स्थिरावतो. मग किरणं द्यायची. दिल्यावर बी महिनोन्महिने ठेवायचं नाही. कोरडं असेल तर साठवणीतही घाव वाढत जातो. तुमच्या पाकिटांवर किरणं कधी दिली ती तारीख आहे का ते बघा. नसेल तर त्या संशोधकाला विचारून अहवालात लिहा. आणि ० ग्रेचं बी त्याच पोत्यातलं, तितकेच दिवस, त्याच कपाटात राहिलेलं असायला हवं. दुकानातून आणलेला मूग ‘नियंत्रण’ म्हणून चालत नाही. सोयाबीनमध्ये तर मळणी यंत्राने साल तडकलेलं बी आधीच अर्धमेलं असतं आणि उन्हाळ्यातल्या साठवणीत उरलंसुरलं जातं. तिथे नियंत्रण चुकलं तर सगळा प्रयोगच गेला.

मात्रा पिकागणिक किती बदलते हे ऐकून मुलांना मौज वाटेल. मुगात आम्ही साधारण ३०० ते ५०० ग्रेच्या आसपास काम करतो. भुईमुगात २०० ते ३०० पुरे होतात. मोहरीचं एवढंसं बी, पण तिला ७०० ते १,००० ग्रे दिले तरी ती बरीचशी तरून जाते. उलट मोठ्या दाण्याच्या घेवड्यासारख्या पिकांना याच्या कितीतरी कमीत धाप लागते. बियाच्या आकारावर हे ठरत नाही; मोठा वाटा असतो तो पेशीच्या केंद्रकाचा आणि त्यातल्या गुणसूत्रांच्या आकारमानाचा. मोठी गुणसूत्रं म्हणजे किरणांना मोठं लक्ष्य. शिवाय मोहरीसारख्या पिकांच्या पूर्वजांत गुणसूत्रांचे संच दुप्पट-तिप्पट झालेले, त्यामुळे एक प्रत बिघडली तरी दुसरी काम चालवते.

आणि हे सगळं कोरड्या बियाचं. वाढत्या, पाण्याने भरलेल्या झाडाची गोष्ट निराळी. संत्र्याच्या डोळेकाडीला, म्हणजे कलमासाठी डोळे घेतात त्या काडीला, २० ते ५० ग्रे एवढीच मात्रा देतात, कारण त्या डोळ्यातल्या पेशी जिवंत, ओल्या आणि विभाजनाच्या तयारीत असतात. कॅलिफोर्नियात डब्ल्यू. मरकॉट या संत्र्याच्या डोळ्यांना किरणं देऊन ‘टँगो’ हे जवळजवळ बिनबियांचं वाण काढलं गेलं, ते याच वाटेने. नागपुरी संत्र्यातल्या बिया हा आपलाही जुना प्रश्न असल्याने ही वाट आपल्याकडच्या फळ संशोधकांना परकी नाही. १९८६ मध्ये चेर्नोबिलला अणुभट्टी फुटली तेव्हा जवळचं पाइनचं जंगल काही आठवड्यांत तांबूस होऊन मेलं. तिथे झाडं मरायला ६० ग्रेच्या आसपासची मात्राही पुरली, म्हणजे तुमच्या १०० ग्रेच्या पाकिटाहूनही कमी. शेजारचे बर्च मात्र बऱ्याच ठिकाणी उभे राहिले. पाइनची गुणसूत्रं मोठी असतात, बर्चची लहान. वर सांगितलेलाच नियम.

कमी मात्रेने पीक जोमदार येतं का? माझं मत साफ आहे: शेतकऱ्याने याच्या मागे लागू नये. प्रयोगशाळेत ५, १०, २० ग्रेसारख्या मात्रांवर अंकुर थोडा लवकर निघाला, रोप थोडं उंच झालं अशा नोंदी खऱ्या आहेत. थोड्याशा मुक्त मूलकांनी बियातली संरक्षक एन्झाइमं आणि वाढीची संप्रेरकं जरा आधी जागी होत असावीत, हे कारणही पटण्याजोगं. पण हा परिणाम वाणागणिक, ओलाव्यागणिक, हंगामागणिक लपंडाव खेळतो. ट्रेमध्ये दिसलेला जोम पोत्यात उतरेल याची खात्री नसते. सोव्हिएत काळात पेरणीआधी बियांना किरणं द्यायला ट्रकवर बसवलेली फिरती यंत्रं होती, ‘कोलोस’ नावाची. कल्पना इतकी फायद्याची असती तर आज ती गावोगाव फिरताना दिसली असती. बियाणं रात्रभर भिजवून सावलीत सुकवलं, रायझोबियम जिवाणूंचं खत चोळलं, तरी त्याहून भरवशाचा लाभ होतो. आणि ‘किरण-प्रक्रिया केलेलं बियाणं, उत्पन्न दुप्पट’ असं कोणी दारात येऊन सांगत असेल तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

किरणांचा शेतीला झालेला फायदा वेगळ्या दाराने आला. १९२७ मध्ये हर्मन मुलर यांनी फळमाशीवर आणि १९२८ मध्ये लुईस स्टॅडलर यांनी बार्लीवर क्ष-किरणांनी उत्परिवर्तनं घडतात हे दाखवलं. गंमत म्हणजे स्वतः स्टॅडलर यांना पैदाशीसाठी याचा फारसा उपयोग होईल असं वाटत नव्हतं. आज आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या नोंदीत अशा मार्गाने आलेले ३,४००हून अधिक वाण आहेत. आपल्या विदर्भात तर उदाहरण शोधायला लांब जायला नको. तुर्भ्याचं भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांनी मिळून काढलेला टीएयू-१ हा उडीद १९८५ मध्ये आला आणि पुढे वर्षानुवर्षं महाराष्ट्रातल्या उडदाच्या क्षेत्रावर त्याचंच राज्य होतं. १९९१चा टीएजी-२४ भुईमूग, बुटका, आटोपशीर, उन्हाळी हंगामात बसणारा; तोही याच जोडीचा. तुरीत टीएटी-१०, मुगात भुरी रोगाला दाद न देणारे टीएआरएम मालिकेतले वाण, सोयाबीनमध्ये टीएएमएस-३८. तुमच्या मुलांच्या घरच्या शेतात यातलं काहीतरी कधी ना कधी पेरलं गेलेलं असणार.

मात्र इथे एक गैरसमज होतो. किरणं दिली आणि तडक वाण निघाला, असं होत नाही. टीएजी-२४ सारखे वाण हे उत्परिवर्तित झाडं पालक म्हणून वापरून, त्यांचा संकर करून, पुढे पिढ्यान्‌पिढ्या निवड करून आलेत. किरणं दिलेल्या बियापासून उगवलेल्या पहिल्या पिढीला आम्ही एम-१ म्हणतो. त्या पिढीतली खाचेची पानं, बुटकेपणा, वांझ परागकण हे बहुतेक त्या झाडापुरतेच घाव असतात, पुढे जात नाहीत. शिवाय बियातल्या गर्भाच्या शेंड्यात बऱ्याच पेशी असतात आणि प्रत्येकीला वेगळा घाव बसतो. त्यामुळे एका फांदीवर एक बदल आणि दुसऱ्या फांदीवर काहीच नाही, असं ठिगळांचं झाड तयार होतं. बदल बहुधा अप्रभावी, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती बदलल्याशिवाय न दिसणारा असतो, म्हणून पहिल्या पिढीत लपून बसतो. खरी मजा एम-२ मध्ये. २०० आणि ४०० ग्रेमधली जी झाडं शेंगांपर्यंत पोचतील त्यांच्या शेंगा झाडवार वेगळ्या कागदी पाकिटांत ठेवा आणि पुढच्या हंगामात एका झाडाचं बी एका ओळीत पेरा. उगवून आल्यावर आठवडाभरात एखाद्या ओळीत पांढरीफटक किंवा पिवळीधमक रोपं दिसतील, बाकीची हिरवी. पांढऱ्यांत हरितद्रव्य बनवण्याचा जनुक बिघडलेला असतो. बीजपत्रांतली शिदोरी संपली की ती मरतात. ओळीतली पांढरी आणि हिरवी मोजायला लावा. मेंडेलचं तीनास एक प्रमाण पुस्तकात पाठ करणाऱ्या मुलांना ते प्रत्यक्ष वाफ्यात जवळपास दिसेल. ठिगळांमुळे पांढरी थोडी कमीच भरतात, आणि ती का कमी भरली हा तोंडी परीक्षेसाठी चांगला प्रश्न आहे.

एवढी लांबण लावली कारण किरणांचा खरा लेखाजोखा दुसऱ्या पिढीत आहे, आणि शाळा-कॉलेजातले प्रकल्प चौथ्या दिवशी संपतात. तुमच्या हातात जुलै ते सप्टेंबर असा खरीप असेल तर मुगासारखं साठ-पासष्ट दिवसांचं पीक हे काम सहज करू देतं. पहिली पिढी खरिपात, दुसरी उन्हाळ्यात फेब्रुवारी-मार्चला.

बाकीच्या शंका पटकन उरकतो. कोबाल्टच्या गॅमा किरणांनी बी किरणोत्सारी होत नाही. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड साठून राहत नाही, तितकंच ते. अणुकेंद्रकात बदल घडवायला या किरणांची ऊर्जा पुरत नाही. न्यूट्रॉनचा मारा केलेल्या बियाची गोष्ट वेगळी, पण तसं बी तुमच्या हातात कोणी देणार नाही. किरणांपुरतं बोलायचं तर मुलांनी पाकिटं खुशाल हाताळावीत. नाशिककडे लासलगावला २००२ पासून कांद्याला किरणं देण्याचं केंद्र आहे. तिथे १०० ग्रेच्या आतबाहेरच्या मात्रेने कांद्याचे कोंब रोखले जातात. त्यामागचं शास्त्रही तेच: शेंड्यातल्या पेशींचं विभाजन बंद पाडायचं. अमेरिकेला जाणाऱ्या हापूसला किमान ४०० ग्रे देतात, कोयीतला किडा पुढे वाढू नये म्हणून.

घरी काही करता येईल का, असं मुलं विचारतीलच. जंतुनाशक अतिनील दिवा बियावर धरून काही साधत नाही; ते किरण सालातच अडतात, आणि मुलांच्या डोळ्यांना मात्र इजा होते. मायक्रोवेव्हमध्ये बी ठेवलं तर गर्भ शिजतो. तो उष्णतेचा प्रयोग झाला, किरणोत्साराचा नाही. विमानतळावरच्या क्ष-किरण यंत्रातून गेलेल्या बियाला मिळणारी मात्रा ग्रेच्या लाखाव्या भागाच्या आसपासची, तिची चिंता नको. कोबाल्टचं काम परवाना असलेल्या गॅमा चेंबरमध्येच होतं. तिथेही कोबाल्टचं अर्धायुष्य ५.२७ वर्षं असल्याने स्रोत दर महिन्याला एक टक्क्याहून थोडा जास्त क्षीण होतो, आणि चालवणारा तितका वेळ वाढवून देतो. जुन्या तक्त्यावरून वेळ लावली की पाकिटावरचा आकडा खोटा ठरतो, म्हणून मात्रेबरोबर मात्रेचा दरही, म्हणजे तासाला किती ग्रे ते, विचारून घ्या.

काटोलच्या काकांना सांगा की टॉवरच्या लहरी या जातकुळीतल्याच नाहीत. त्यांच्या एका कणाची ऊर्जा रेणूतून इलेक्ट्रॉन उडवायला लागते त्याच्या साधारण दहा लाखाव्या हिश्शाइतकी. डीएनए तोडण्याची त्यांची ऐपत नाही. टॉवर उभा राहिला त्या सुमारास झाडं खंगायला लागली असतील, तर बुंध्याजवळची माती उकरून मुळं बघायला सांगा. साल सुटतेय, मुळांना वास येतोय, बुंध्यावर डिंक आहे, असं असेल तर तो डिंक्या रोग. पानांवर काळी काजळी धरली असेल तर कोळशी रोग. टॉवरच्या पायासाठी खणताना पाण्याचा निचरा अडला असेल तर तेही तपासा. भारी जमिनीत जंबेरी लिंबाच्या खुंटावर कलम केलेली संत्र्याची झाडं साचलेल्या पाण्यानेच आधी जातात.

आणि एक राहिलं. उरलेला मूग भिजवून मुलांना मिसळ करू देऊ नका. किरणांमुळे नव्हे, संशोधकांच्या बियाला पुष्कळदा थायरमसारखं बुरशीनाशक चोळलेलं असतं, आणि रंग फिका असला तर पाकीट बघून ते कळतही नाही.